‘वदरिंग हाइट्स’मधली माणसं डोक्यात का जातात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एमिली ब्राँटेची ही एकमेव कादंबरी डिसेंबर १८४७ मध्ये ‘एलिस बेल’ या टोपणनावाने प्रसिद्ध झाली. यॉर्कशायरचा उजाड माळ, चार मैलांच्या अंतरावरची दोन घरं (अर्नशॉंचं वदरिंग हाइट्स आणि लिंटनांचं थ्रशक्रॉस ग्रेंज), आणि त्या घरांत वाचकाला पानोपानी चिडायला लावणारी माणसं. खालच्या उत्तरांत प्रकरणांचे आकडे १ ते ३४ असे सलग दिले आहेत. काही आवृत्त्या मूळ दोन खंडांची विभागणी पाळतात. त्यांत पहिला खंड १४व्या प्रकरणाशी संपतो आणि मोजणी परत एकपासून सुरू होते. तुमची प्रत तशी असेल तर दुसऱ्या खंडातल्या आकड्यात १४ मिळवा. शेवटासकट सगळं इथे उघड केलेलं आहे, तेव्हा पहिल्यांदाच वाचत असाल तर जपून.

पुस्तक संपलं, पण एकही माणूस आवडला नाही. माझं वाचायला चुकतंय का?

अजिबात नाही. १८४७-४८ च्या परीक्षणकर्त्यांचीही हीच तक्रार होती. एमिलीच्या मृत्यूनंतर तिच्या लिहिण्याच्या पेटीत परीक्षणांची पाच कात्रणं सापडली, त्यांतली बरीच नाराजीची. तिची सख्खी बहीण शार्लट हिने १८५० च्या आवृत्तीला प्रस्तावना लिहिली, तिच्यातही कादंबरीचा मुख्य पुरुष हीथक्लिफ याच्यासारखं पात्र निर्माण करणं योग्य आहे का, असा प्रश्न टाकून ‘मला तसं वाटत नाही’ अशा अर्थाचं उत्तर दिलं आहे. घरच्याच माणसाने हात झटकले, तिथे तुमचं काय घेऊन बसलात!

मात्र राग आला की तो नक्की कुणाचा आला, हे तपासून घ्यावं. या कादंबरीत तीन वेगवेगळे राग एकमेकांत मिसळतात: माणसाच्या वागण्याचा, ते वागणं सांगणाऱ्याचा, आणि त्या काळच्या कायद्याचा. आपण बहुतेक वेळा तिन्हींचं बिल पहिल्याच्या नावावर फाडतो.

पहिली तीन प्रकरणं ढकलता ढकलवत नाहीत. हा लॉकवुड आहे तरी कोण?

थ्रशक्रॉस ग्रेंज हे घर भाड्याने घेतलेला शहरी भाडेकरू. साल १८०१. त्याचा अंदाज दर वेळी चुकतो, आणि चुकावा म्हणूनच त्याला आणलेलं आहे. घरमालक हीथक्लिफ त्याला पहिल्या भेटीत मोठा झकास माणूस वाटतो. खोलीतल्या अंधाऱ्या कोपऱ्यातला मेलेल्या सशांचा ढीग त्याला पाळलेल्या मांजरी वाटतो. घरातली तरुण मुलगी त्याला आधी हीथक्लिफची बायको वाटते, मग तिथल्याच हेअरटन या तरुणाची. आहे ती हीथक्लिफची सून, तीही विधवा.

पण तिसऱ्या प्रकरणात हाच सभ्य गृहस्थ स्वप्नात खिडकीतून आत येऊ पाहणाऱ्या पोरीचं मनगट फुटक्या काचेवर घासतो. रक्ताने अंथरूण भिजेपर्यंत. पुढे हीथक्लिफच्या क्रौर्यावर नाक मुरडताना ते मनगट लक्षात ठेवा. तिथपर्यंत नेट लावून वाचा. चौथ्या प्रकरणात ग्रेंजची कारभारीण नेली डीन गोष्ट सांगायला बसते आणि मग पुस्तक आपलं आपण पळतं.

दोन कॅथरीन, दोन लिंटन, त्यात हीथक्लिफ हे नाव की आडनाव? नात्यांचा गुंता कसा सोडवायचा?

इंग्रजीपेक्षा मराठी नात्यांत लवकर सुटतो. अर्नशॉ घराण्यात दोन भावंडं: हिंडली आणि कॅथरीन. लिंटन घराण्यात दोन भावंडं: एडगर आणि इझाबेला. हीथक्लिफ हा अर्नशॉंच्या घरी वाढलेला अनाथ पोर. त्याला एकच नाव आहे, तेच नाव आणि तेच आडनाव. कॅथरीनचं लग्न एडगरशी होतं, त्यांची मुलगी धाकटी कॅथी. इझाबेला हीथक्लिफबरोबर पळून जाते, त्यांचा मुलगा लिंटन हीथक्लिफ. हिंडलीचा मुलगा हेअरटन. म्हणजे लिंटन हा कॅथीचा आतेभाऊ आणि हेअरटन मामेभाऊ. तिचं पहिलं लग्न आतेभावाशी होतं, दुसरं मामेभावाशी ठरतं. हीथक्लिफ तिचा आधी आतोबा आणि नंतर सासरा.

एवढं पुस्तकाच्या मागच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने लिहून ठेवा. मोठीला ‘कॅथरीन’ आणि धाकटीला ‘कॅथी’ म्हणण्याची वाचकांची सोय आहे, मूळ पुस्तकात मात्र दोन्ही नावं दोघींनाही लावलेली सापडतील. कुठे अडलंच तर साल पाहा: मार्च १७८४ च्या आधीची असेल तर मोठी, नंतरची धाकटी.

कॅथरीनचं प्रेम एकावर आणि लग्न दुसऱ्याशी. इतका स्वार्थीपणा कसा सहन करायचा?

नववं प्रकरण पुन्हा वाचा, या वेळी तिचं वय धरून. ती पंधरा वर्षांची आहे. एडगरला होकार देऊन आलेली आहे आणि स्वयंपाकघरात नेलीपाशी मन मोकळं करते आहे. हीथक्लिफला हिंडलीने नोकराच्या पायरीवर आणून ठेवलं आहे, त्याचं शिक्षण बंद केलं आहे. त्याच्याशी आता लग्न करणं म्हणजे खालच्या पायरीवर उतरणं, असं ती म्हणते. बाकाच्या मागे बसलेला हीथक्लिफ एवढंच ऐकून निघून जातो. त्याच्यावरच्या प्रेमाचं तिचं सगळं प्रसिद्ध बोलणं त्यानंतरचं आहे, ते त्याच्या कानावर पडतच नाही.

तिचा बेत काय आहे? एडगरच्या पैशाने हीथक्लिफला वर काढायचं आणि हिंडलीच्या तावडीतून सोडवायचं. बेत भाबडा आहे आणि एडगरवर अन्याय करणारा आहे. नवऱ्याच्या पैशाने दुसऱ्याचा उद्धार, आणि नवरा हसत हसत मान डोलावेल ही खात्री! पण पंधरा वर्षांच्या मुलीकडे स्वतःचा पैसा मिळवण्याचा तेव्हा दुसरा रस्ता नव्हता. अर्नशॉंचं घर भावाच्या नावावर, आणि भाऊ दारूत बुडालेला. हे धरलं तर तिचा निर्णय शहाणपणाचा ठरत नाही, पण नुसता स्वार्थही राहत नाही.

वाचकांचा राग खरा वाढतो तो अकराव्या-बाराव्या प्रकरणांत: ती किल्ली चुलीत फेकते, खोलीत कोंडून घेते, तीन दिवस जेवत नाही, उशी दातांनी फाडून पिसं काढते. कांगावा वाटतो खरा. सुरुवातीला थोडा आहेही, नवऱ्याला घाबरवायचं असा बेत ती बोलून दाखवते. पण तिसऱ्या दिवशी तिला आरशातला स्वतःचा चेहरा ओळखू येत नाही, तेव्हा नाटक कधीच संपलेलं असतं. ते कुठे संपलं हे आपल्याला दिसत नाही, कारण दाराबाहेर नेली उभी आहे आणि तिचं मत आधीच ठरलेलं आहे.

हीथक्लिफला लोक नायक म्हणतात. मला तो गुन्हेगार वाटतो. कोण बरोबर?

तुम्ही. तो इझाबेलाची कुत्री फासावर टांगतो आणि मग तिला पळवून नेतो. तिला जेवणाची सुरी फेकून मारतो. हेअरटनला मुद्दाम निरक्षर ठेवतो. सत्ताविसाव्या प्रकरणात सतरा वर्षांच्या कॅथीला दोन्ही बाजूंनी थोबाडतो, कोंडून ठेवतो आणि आपल्या मरणाच्या वाटेवरच्या मुलाशी तिचं लग्न लावतो.

गंमत म्हणजे त्याला नायक समजणाऱ्यांची टर स्वतः कादंबरीच उडवते. चौदाव्या प्रकरणात हीथक्लिफ इझाबेलाच्या तोंडावर सांगतो की हिने मला प्रेमकथेतला नायक समजून घर सोडलं आणि ती समजूत अजून सोडायला तयार नाही. त्याआधी दहाव्या प्रकरणात कॅथरीननेही तिला बजावलेलं असतं की हा लांडग्यासारखा, दयामाया नसलेला माणूस आहे. इतकं स्पष्ट लिहूनही वाचक इझाबेलाच्याच वाटेने जातात, याला बराचसा जबाबदार सिनेमा. १९३९ च्या हॉलिवूडपटात लॉरेन्स ऑलिव्हिए आणि मुंबईत जन्मलेली मर्ल ओबेरॉन होती, आणि त्यात दुसरी पिढी पूर्ण कापलेली होती. म्हणजे हीथक्लिफची निम्म्याहून जास्त दुष्कृत्यं पडद्यावर आलीच नाहीत. १९६६ चा दिलीपकुमारचा ‘दिल दिया दर्द लिया’ याच कथेवर बेतलेला. तो पाहून पुस्तकाकडे आलेल्यांना धक्का बसतो तो इथेच.

मात्र तो असा का झाला, याचा हिशेब लेखिकेने चोख ठेवला आहे. लिव्हरपूलच्या रस्त्यावर सापडलेलं सावळं पोर. त्याला थोरले लिंटन ‘लास्कर’ ठरवून मोकळे होतात. लास्कर म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांवर काम करणारे भारतीय आणि इतर आशियाई खलाशी. नेली त्याची समजूत घालताना म्हणते, तुझा बाप चीनचा बादशहा आणि आई हिंदुस्थानची राणी नसेल कशावरून? तो नक्की कुठला हे पुस्तक सांगत नाही, पण त्याला परका ठरवण्यात दोन्ही घरांचं एकमत आहे. त्याच्यावर झालेला अन्याय खरा आणि त्याने केलेला अन्यायही खरा. एकाने दुसरा फिटत नाही.

इझाबेला सगळं सोसत का राहते? नवऱ्याला सोडत का नाही?

ती सोडते. हे विसरलं जातं. लग्नाला काही महिने होतात न होतात तोच ती बर्फातून धावत ग्रेंजला येते, अंगठी विस्तवात टाकते आणि लंडनच्या बाजूला निघून जाते. तिथे मुलाला जन्म देते आणि बारा वर्षं एकटी वाढवते. घटस्फोट का घेत नाही? १८५७ च्या कायद्याआधी इंग्लंडमध्ये पूर्ण घटस्फोटासाठी पार्लमेंटमध्ये स्वतंत्र विधेयक आणावं लागे. मुलाचा ताबा बापाचा, त्यावर आईला अर्ज करण्याची वाट १८३९ साली उघडली. कथा आहे १७८४ ची. म्हणून ती मेल्यावर एडगर मुलाला ग्रेंजला आणतो त्याच संध्याकाळी हीथक्लिफ त्याची मागणी करतो आणि दुसऱ्या दिवशी एडगरला मान खाली घालून तो द्यावा लागतो. सगळ्या पुस्तकात स्वतःच्या पायांनी तिथून सुटलेलं पहिलं माणूस म्हणजे इझाबेला, आणि वाचक तिलाच बावळट म्हणून निकालात काढतात.

नेली डीनवर विश्वास ठेवायचा की नाही?

हा या पुस्तकातला सगळ्यात कामाचा प्रश्न. जवळजवळ सगळी कथा तिच्या तोंडून येते, आणि लॉकवुड ती थोडी आटोपशीर करून लिहितो हे तो पंधराव्या प्रकरणाच्या सुरुवातीला स्वतःच सांगतो. शार्लटने तिला खऱ्या भलेपणाचा नमुना म्हटलं. १९५८ साली जेम्स हॅफली या समीक्षकाने थेट तिलाच कादंबरीची खलनायिका ठरवलं. आमचं मत मधलं आहे, पण हॅफलीकडे झुकणारं. नेली दुष्ट नाही. ती चोंबडी आहे, आणि हातचं राखून बोलते.

तिच्या हातून काय काय झालं ते ओळीने पाहा. चौथ्या प्रकरणात नुकत्याच आणलेल्या पोराला ती जिन्याच्या चौकात ठेवून देते, सकाळपर्यंत निघून जाईल या आशेने. त्याबद्दल तिला काही दिवस घराबाहेर काढतात. नवव्यात हीथक्लिफ उठून गेला हे तिला दिसतं, कॅथरीनला दिसत नाही. ती बोलणं थांबवायला बघते, पण खरं कारण सांगत नाही. सांगते ते बऱ्याच उशिरा, तोवर पोरगा माळावर दिसेनासा झालेला. अकराव्यात कॅथरीन निरोप देते की मी गंभीर आजारी पडेन असं एडगरला सांग, नेली तो पोचवत नाही. एडगर तीन दिवस पुस्तकांच्या खोलीत बसून राहतो, कारण वरच्या मजल्यावर काय चाललंय हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. चौदाव्यात ती हीथक्लिफची चिठ्ठी न्यायला कबूल होते. एकविसाव्यात कॅथी आणि लिंटनची चोरटी पत्रं जाळते, बापाला मात्र काही सांगत नाही.

प्रत्येक ठिकाणी तिच्याकडे कारण आहे, आणि ऐकताना ते पटतंही. म्हणून तर ती धोक्याची. आळ कुणावर येतो पाहा: कॅथरीनवर, एडगरवर, कॅथीवर. नेली नामानिराळी.

याची दुसरी बाजूही आहे. ती नोकर आहे. बाराव्या प्रकरणात एडगर तिला बजावतो की पुन्हा माझ्याकडे चुगली आणलीस तर नोकरी सोडावी लागेल. त्याआधी याच मालकाने माहिती आणली म्हणून तिचं ऐकून घेतलेलं असतं. सांगितलं तर चुगली, नाही सांगितलं तर फितुरी, अशा जागी बसलेली बाई हातचं राखायला शिकणारच.

एडगर इतका मिळमिळीत का?

तितका नाही. अकराव्या प्रकरणात तो हीथक्लिफच्या गळ्यावर असा फटका देतो की त्याचा श्वास अडकतो, आणि मगच मागच्या दाराने माणसं आणायला जातो. कॅथरीनच्या आजारपणात दोन महिने उशाशी बसून असतो. त्याचा खरा दोष हट्टाचा: बहीण पळून गेल्यावर तो तिच्याशी संबंध तोडतो, आणि हीथक्लिफला नेमकं तेच हवं असतं.

लिंटन हीथक्लिफ! हा पोरगा बोलायला लागला की पुस्तक भिंतीवर मारावंसं वाटतं.

कादंबरीतलं सगळ्यात वैतागवाणं पात्र कोण, या प्रश्नावर वाचकांत फारसे मतभेद नसतात. अठ्ठाविसाव्या प्रकरणात पाच रात्री कोंडून ठेवलेली नेली सुटून खाली येते. कॅथी कुठे आहे हे विचारते, आणि हा बाकावर पडून खडीसाखरेची कांडी चोखत असतो. मामा मरतोय, बरं झालं, ग्रेंजचा मालक मीच होणार, कॅथीची सगळी पुस्तकं, पक्षी, घोडा माझेच, असं तो बोलत राहतो.

राग आवरून दोन गोष्टी पाहा. एक, तो मरायला टेकलेला आहे आणि बापाच्या दहशतीखाली आहे. बाप त्याला जिवंत ठेवतोय तो लग्न होईपर्यंतच. दोन, त्याच रात्री कॅथीसाठी दाराची किल्ली तोच फिरवतो. ती आईच्या खोलीच्या खिडकीतून झाडावर उतरून पळते आणि बापाच्या मरणाआधी ग्रेंजला पोचते. किल्लीचं हे वाक्य नेलीने इतकं घाईत उरकलं आहे की बहुतेकांच्या नजरेतून सुटतं.

हीथक्लिफला हे लग्न कशाला हवं होतं? आणि दोन्ही घरं त्याची झाली कशी?

वदरिंग हाइट्स त्याने हिंडलीला जुगारात अडकवून गहाण लिहून घेतलं. हिंडली सप्टेंबर १७८४ मध्ये मेला तेव्हा तो धनको म्हणून मालक बनला आणि वारस हेअरटन त्याच्याच दारात बिनपगारी गडी.

ग्रेंजचं प्रकरण नाजूक आहे. थोरल्या लिंटनच्या व्यवस्थेप्रमाणे एडगरला मुलगा नसेल तर जमीन त्याच्या मुलीकडे नाही, इझाबेलाच्या वंशाकडे जाते, म्हणजे लिंटनकडे. कॅथीचं म्हणून राहतं ते बापाने साठवलेलं जंगम. त्या काळी लग्न होताच बायकोचं जंगम नवऱ्याचं होई (विवाहित स्त्रीला स्वतःची मालमत्ता स्वतंत्रपणे ठेवण्याचा हक्क १८८२ च्या कायद्याने मिळाला), आणि लिंटन ते मृत्युपत्राने बापाला देऊन टाकतो. जमीन तो अल्पवयीन म्हणून देऊ शकत नाही, तरी हीथक्लिफ ती बळकावून बसतो. कॅथीकडे वकिलाला द्यायला ना पैसा ना माणूस. एडगरने शेवटच्या क्षणी मृत्युपत्र बदलून पैसा विश्वस्तांकडे सोपवायचं ठरवलं होतं, पण वकील ग्रीन फितूर झाला आणि मुद्दाम उशिरा आला. सी. पी. सँगर या बॅरिस्टरने १९२६ साली हे सगळं तपासून पाहिलं, तेव्हा कादंबरीतल्या तारखा आणि वारसाहक्काचा कायदा थक्क व्हावं इतका काटेकोर निघाला.

कॅथरीन मध्यावरच मरते. पुढे वाचायची गरज आहे का?

आहे. ती सोळाव्या प्रकरणात जाते, म्हणजे अठरा प्रकरणं बाकी असतात. पहिल्या पिढीने जे केलं ते दुसरी पिढी उलटं फिरवते. हिंडलीने हीथक्लिफचं शिक्षण तोडलं, हीथक्लिफने हेअरटनचं. बत्तिसाव्यात कॅथी त्याच हेअरटनला वाचायला शिकवताना दिसते. आधी तिनेच त्याच्या अडखळत्या वाचनाची टिंगल केली होती आणि त्याने चिडून पुस्तकं जाळली होती, हे धरून वाचा. नाहीतर शेवट गुळमट वाटतो.

वाचनकट्ट्यावर हे पुस्तक घ्यायचं आहे. चर्चा भांडणावर जाऊ नये म्हणून काय करावं?

चार बैठका पुरतात: १ ते ९, १० ते १७, १८ ते २६ आणि २७ ते ३४. दुसरी बैठक सगळ्यात तापते, तिला अर्धा तास जास्त ठेवा.

‘कोण आवडलं, कोण नाही’ या प्रश्नाने सुरुवात केलीत की पंधरा मिनिटांत हीथक्लिफ-पक्ष आणि एडगर-पक्ष पडतात आणि पुस्तक मिटलेलंच राहतं. त्याऐवजी दर बैठकीला एकच प्रसंग घ्या, मोठ्याने वाचा, आणि कागदावर तीन रकाने करा: घडलं काय, पाहिलं कुणी, पाहणाऱ्याने पुढे काय केलं. नवव्या प्रकरणाचं उदाहरण घ्या. पहिल्या रकान्यात: हीथक्लिफ अर्धं बोलणं ऐकून गेला. दुसऱ्यात: नेलीने पाहिलं. तिसऱ्यात: तेव्हा सांगितलं नाही. एवढं लिहिल्यावर कॅथरीनवरचा निम्मा राग कुठे सरकतो ते पाहा. प्रसंग निवडायला नववं, बारावं, सतरावं आणि सत्ताविसावं ही प्रकरणं उत्तम. सतराव्यात इझाबेला स्वतः सांगते, त्यामुळे नेलीच्या आवाजाशी तुलना करता येते.

जोसेफचं बोलणं अक्षरशः कळत नाही. गाळलं तर चालेल?

सगळं नको. वदरिंग हाइट्सवरच्या या म्हाताऱ्या गड्याची ती यॉर्कशायरची बोली आहे, डोळ्यांनी न वाचता तोंडाने वाचली की बरीच उलगडते. ‘नॉबट’ म्हणजे फक्त, ‘शू’ म्हणजे ती, आणि इंग्रजी ‘द’ (the) च्या जागी नुसता ‘ट्’. एवढ्या भांडवलावर दुसऱ्या प्रकरणातलं त्याचं बोलणं लागतं. नवव्या प्रकरणातली वादळावरची बडबड सोडली तरी बिघडत नाही. तेरावं मात्र सोडू नका: नवी नवरी इझाबेला झोपायची खोली मागते आणि हा म्हातारा तिला मुद्दाम एकेक अडगळीची खोली दाखवत फिरवतो, तिथे त्याचा खवटपणा नीट कळतो. १८५० साली शार्लटने त्याची बोली सोपी केली. आज मिळणाऱ्या बऱ्याच आवृत्त्या १८४७ चा मूळ पाठ छापतात, काही १८५० चा. विकत घेताना प्रस्तावनेत ते पाहून घ्या, आणि शक्यतो मागे बोलीवरच्या टिपा असलेली प्रत निवडा.